बारा व्होल्ट

एकतीस वर्षं मी लाइनमन.
या तालुक्यातला कुठला खांब कुठल्या वाऱ्यात कलतो
झोपेत विचारा.
आणि आज तिसरी रात्र,
माझ्याच घरात मेणबत्ती.

पुलावरून पाणी. टॉवरचं डिझेल काल दुपारी संपलं,
तेव्हापासून गावातले सगळे फोन
नुसते आरसे.

रेडिओ तेवढा शाबूत.
मोहाच्या झाडापासून गोठ्यापर्यंत ताणलेली तार,
मधोमध बांबूवर उचललेली.
पण रेडिओ खादाड असतो.
बोलताना वीस अँपिअर गिळतो,
गप्प बसून ऐकतो तेव्हाही एक.
बायको म्हणते, माणसाचंही तसंच.

माझी बॅटरी पहिल्याच रात्री बसली.
मग प्रज्योतच्या फवारणी पंपातली काढली,
औषधाच्या वासासकट;
तिनं पंचवीस मिनिटं दिली.
सायकलचा डायनॅमो लावून पोरगं पॅडल मारत राहिलं,
मीटरचा काटा लाजत उठला
आणि बसला.
डीजेवाल्याची मोठी बॅटरी गणपतीत अहेरीला.
ट्रॅक्टर नाल्याच्या पल्याड.

नऊ वाजता नर्सबाई आल्या, पदरात ओली चिठ्ठी.
नाल्यापलीकडून ओरडून सांगितलेली नावं:
टोलीच्या शाळेच्या छतावर अकरा जण,
एकाचं इन्सुलिन संपलेलं.

त्यांच्यामागे कोवेंची सगुणा.
डोक्यावर घमेलं, घमेल्यात
मक्याच्या शेतावरच्या झटका मशीनची बॅटरी.
"अन् डुकरं?"
"डुकरं तं येतीनच ना भाऊ.
तू लाव तुह्या मशीनले."

तीन दिवसांच्या ढगात सोलरनं किती भरली असणार?
बारा पॉइंट एक.
लाल लालला, काळी काळीला, मधे फ्यूज.
पॉवर उतरवत उतरवत पाच वॅटवर आणली.
देव्हाऱ्यातला झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त खातो.
एवढ्यावर आवाज पोचत नाही,
म्हणून मोर्सची चावी काढली.
डा डी डा डिट, डा डा डी डा.
कुणी आहे का. कुणी आहे का.

खरखर. खरखर. मग
विहिरीच्या तळातून बोलावं तसा
यवतमाळकडचा कुणी मास्तर:
नाव तीन पुन्हा. नाव सात पुन्हा.

मी अक्षर अक्षर ठोकत होतो.
सगुणा पायरीवर, शेताकडे तोंड करून.
एकदा काहीतरी मोडल्याचा आवाज आला.
ती उठली नाही.
माझा हात चुकला,
नाव नऊ मलाही पुन्हा पाठवावं लागलं.

पोच आली. लगेच, अकरा पॉइंट दोनला,
रेडिओ आपोआप विझला.

सकाळी साडेनऊला बोट दिसली.
मी लॉगबुक उघडलं.
वेळ, फ्रिक्वेन्सी, सिग्नल, पॉवर,
आणि शेवटचा रकाना, वीज कुठून,
जिथे मी आजवर डोळे झाकून 'लाइन' लिहीत आलो.
खिडकीतून दिसत होतं,
सगुणा चिखलातून कणसं वेचत होती,
अर्धी चावलेली.
मी लिहिलं:
सगुणा कोवे यांचा मका, दीड एकर.

मग तिची बॅटरी पॅनलला जोडून अंगणात ठेवली,
भरून द्यायची म्हणून.
ऊन अजून आलं नव्हतं.