चहाला या

डोरीन म्हणाली, उद्या साडेपाचला चहाला या.
आम्ही चारलाच जेवून निघालो, वरणभात,
परक्याच्या दारी उपाशी जाऊ नये म्हणून.
टेबलावर सॉसेजं, वाटाणे, कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर.
हडर्सफील्डात चहा म्हणजे जेवण,
हे आम्ही पोट फुटेस्तोवर शिकलो.

तिचा नवरा गिरणीत, माझा बसवर,
मी इस्पितळाच्या धुलाईत.
मूळचे कुठले, तिने कधी विचारलं नाही.
तिच्या लेखी आम्ही सगळे इंडियाचे.
त्या अडाणीपणात मी बारा वर्षं
पाय पसरून बसले.

विचारलं ते लीड्सच्या गणपतीत,
आपल्याच भाषेत, मोदक वाढता वाढता :
आडनाव काय म्हणालात?
सांगितलं.
हो का, छान, म्हणत बाई
पुढच्या ताटाकडे वळल्या.

संघमित्रा आता लंडनात वकील.
तिचा आवाज दुमजली :
वर ऑफिस, खाली आम्ही.
परवा तिच्या टोबीच्या घरी नेलं तिने, गिल्डफर्डला.
तिथे चहा म्हणजे चहा. पातळ कप, काकडीचे कागदी काप.
टोबीची आई फार गोड.
तुमच्या घरचे सगळे काय करतात? म्हणाली,
आणि मला एकदम मोदकाचा वास आला.

मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली,
बाबा ट्रान्सपोर्टमध्ये, आई हेल्थकेअरमध्ये.
एकही शब्द खोटा नाही.
ह्यांनी बशीकडे नेलेला कप
तसाच परत ओठाला लावला. भाजलं असणार.

राग यायला हवा होता मला.
पण ती सहा वर्षांची असताना
डोरीनसारखं ‘समट’ म्हणाली
तेव्हा तिच्या पाठीत धपाटा कोणी घातला?
बातम्यांतल्या बाईसारखं बोल, म्हणून
रोज अर्धा तास टीव्हीपुढे कोणी बसवलं?
वरचा मजला मीच चढवलाय,
ओव्हरटाइमच्या पैशांतून,
आणि जिना ठेवायला विसरले.
पोर त्या वेळी कुठे होती, तर शेजारी,
डोरीनचे वाटाणे खात.

रात्री नऊला फोन. पोचलात ना?
खालच्या मजल्यावरून बोलत होती, दमलेली.
जेवलीस का गं?
चहा झाला, म्हटलं.
कुठला, ते तिने विचारलं नाही.
बराच वेळ फोन मात्र ठेवला नाही.