तीन मिनिटं झाली

सकाळी दात डाव्या हातानं घासते.
डॉक्टर नेर्लेकर म्हणाले, मेंदूला अधूनमधून चकवायचं.
फेस कोपरापर्यंत ओघळतो,
आरशातली बाई म्हणते, काय हे या वयात.
पण घासते.

त्यांनीच तीन शब्द दिलेले लक्षात ठेवायला:
कुलूप, पेरू, होडी.
दहा मिनिटांनी विचारणार होते, विसरले.
मी नाही विसरले. सतरा महिने झाले,
होडी रंकाळ्यात तशीच उभी आहे,
पेरू पिकत नाही,
कुलपाची किल्ली बहुतेक त्यांच्याकडेच.

एकवीस वर्षं ट्रंक बोर्डावर बसले.
एका कानाला हेडसेट, हातात दोऱ्या,
समोर खोबणीच खोबणी:
इचलकरंजी, निपाणी, गारगोटी, चिपळूण.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग.
"तीन मिनिटं झाली, वाढवायची?"
त्या दोऱ्यांवर सोयरिकी जमल्या, गुळाचे सौदे मोडले,
माणूस गेल्याचं आधी मला कळायचं, मग घरच्यांना.
चार आकडे ऐकले की चेहरा उभा राहायचा,
कधी न बघितलेला.

आता राजारामपुरी हाच माझा बोर्ड.
चिठ्ठी नेत नाही बाजाराला.
पहिल्या गल्लीत हळद ठेवते, दुसरीत साबण,
तिसरीत शिंप्याच्या पायरीवर पाव किलो घेवडा,
चौथी रिकामी सोडते,
पाचवीत उदबत्ती.
मग चालत निघते, एकेका खोबणीत दोरी खुपसत.
मंडईत आक्काताई म्हणते,
"मावशी, आज बी कागुद न्हाई?
मग आलं इसरलासा बघा."
आलं नव्हतंच यादीत.
घेते तरीही. तिचाही अंदाज खरा ठरावा कधी.

दुपारी भांडी पुसताना औटकी म्हणते,
वडिलांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली.
बे औट सात, तीन औट साडेदहा,
आठापर्यंत गाडी सुसाट.
नवाला अडते. नऊ औट...
शेजारी कुकरची शिट्टी होते,
मी ताट तसंच हातात धरून उभी,
आणि मग साडेएकतीस,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे, ओशाळून.

एक नंबर मात्र कधी पाठ केला नाही, तरी आहे.
दर गुरुवारी, रात्री पावणेदहाला,
लक्ष्मीपुरीतल्या लाकडाच्या वखारीतून बेळगाव.
"बोला, लाइन लागली."
कोणीच बोलायचं नाही.
किल्ली दाबून ऐकणं नियमात बसत नव्हतं,
मी ऐकलं.
इकडे एक श्वास, तिकडे एक.
तीन मिनिटं झाली, वाढवायची?
"हो."
सहा वर्षांत वखारवाल्याचा तेवढाच शब्द.

मग एका मंगळवारी पेपरात त्याचा फोटो,
खाली पत्नी, तीन मुलगे, सुना.
बेळगावचं नाव नव्हतं.
त्या गुरुवारी पावणेदहाला
तिकीट न फाडता मीच दोरी लावली.
पहिल्याच घंटीला उचलला.
काय सांगायचं ते ठरवलं होतं, तोंडातून निघेना.
बराच वेळ गेला. मग एका बाईचा आवाज,
इतका हलका, की बोर्डाच्या खरखरीत हरवला असता:
"हो?"

नवऱ्याला सांगितलं नाही. मुलाला नाही.
तो पुण्याहून सांगतो, आई, शब्दकोडी सोडव, अक्रोड खा.
खाते.
डॉक्टरांनी विसरायची सवय कुठली ती सांगितली नाही,
मीही विचारली नाही.

रात्री दिवा मालवला की दिवस उलटा चालवते.
अंथरूण, दूध, शेजारची शिट्टी, ताट,
मंडई, आक्काताईचा तराजू,
पाचवी गल्ली. उदबत्ती आणली.
चौथी.
इथं जरा थांबते.
दोन्हीकडून कुणी बोलत नाही.
तीन मिनिटं होतात.
वाढवते.

आणि मग उठावं लागतं,
कारण आलं अजून पिशवीतच.