चौथं चाक

कपाट उघडण्याआधी हात धुवून या.
मोरी डावीकडे, पंचा खुंटीला.
वेंगुर्ल्यात सगळ्यांच्याच बोटांवर थोडं मीठ असतं,
त्यात तुमचा काही अपमान नाही.

उचलायचं तर विचारून.
कानाला, सोंडेला धरून नाही,
पोटाखाली तळवा घालून,
झोपलेलं मांजर चुलीजवळून हलवतात तसं.
किंमत विचारू नका.
विचारलीत तर मी सांगणार नाही,
आणि सांगितली तर ती खोटी असेल.

ही वरची फळी सावंतवाडीची.
पांगाऱ्याचं लाकूड, लाखेचा रंग.
सीताफळ, जातं, बोळकी, मान मोडलेला पोपट.
सगुण चितारी म्हणायचे, रंग उडाला तर उडू दे,
नवा हात दिलास
की आतला जुना पोरगा पुसला जातो.
मी ऐकलं.
बहुतेक वेळा.

आषाढात दर रविवारी एकेकाला बाहेर काढतो,
मऊ झालेल्या धोतराच्या फडक्यानं पुसतो,
बुरशी येऊ नये म्हणून कोपऱ्यात कापूर,
कपाटाचे पाय रॉकेलच्या वाट्यांत.
बायको म्हणते, आईचं एवढं केलं नाहीत.
खरं आहे.

एकसारखे दोन असले तर एक देऊन टाकावा.
बघायला म्हणून नेलेलं परत करावं :
कुडाळच्या पेडणेकरांकडे माझा भोवरा आहे, चार वर्षं.
दर चतुर्थीला मी विषय काढतो,
ते आणखी एक मोदक वाढतात.

प्रत्येक खेळण्याला एक चिठ्ठी.
कुठलं, कधीचं, कुणाकडून,
आणि नवं काय बसवलं तेही.
त्या शेवटच्या ओळीला शाई लवकर सुकते.

लहान मुलाकडून कधी काही विकत घेऊ नका.
हे मी येईल त्याला सांगतो.
का, ते कुणी विचारत नाही.

हा हत्ती.
तांबडा, झूल पिवळी.
चिठ्ठीवर इतकंच होतं :
वेंगुर्ला बंदर, १९८७, दहा रुपये.
लवू गिरप, वय आठ, हे नव्हतं.
बाप होडीवर, आई बाजारात मासे घेऊन बसलेली,
मी त्याच्या हातावर नोट ठेवली
आणि हत्ती सायकलच्या पिशवीत घातला.
तीनच चाकं होती. चौथं हरवलं, म्हणाला.
चितारींकडून मी नवं कातून आणलं,
चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवून
म्हातारं केलं.
इतकी वर्षं बघणाऱ्यांनी वाहवा केली
आणि मी ती घेतली.

परवा तो आला.
स्वतःचा ट्रॉलर आहे आता, नाकावर चष्मा.
न सांगता मोरीवर गेला, हात धुतले.
पोटाखाली तळवा घालून हत्ती उलटा केला,
एकेक चाक फिरवलं,
चौथ्यावर अंगठा थांबला.
"ह्यां चाक ह्येचां न्हय."

मी म्हटलं, घेऊन जा. पैसे नकोत.
त्यानं मान हलवली.
आमच्याकडे वारो खारो, तुमच्याकडेच बरो तो.
मग मला राहवलं नाही,
विचारू नये ते विचारून बसलो.
आणि चाक?

"आसा.
पण तां मी देवचंय नाय."

म्हणजे त्या दिवशी एका मुठीत नोट होती,
आणि दुसरी मूठ
मी बघितलीच नव्हती.

नवं चाक काढून टाकलंय.
हत्ती जरा कलतो, म्हणून खाली काडेपेटी दिलीय.
चिठ्ठीही बदलली :
लवू गिरप यांचा. चौथं चाक मालकाकडे.

बघा, हवा तेवढा वेळ बघा.
काडेपेटी तेवढी हलवू नका.