होय-नाहीची वही

स्ट्रॉमनेसच्या बंदरातून फेरी सुटली की
आमच्या मागच्या खोलीतलं पाणी थरथरतं.
तीस वर्षं मी त्याच फेरीच्या पोटात इंजिनाशी बोललो,
घरी आलो की बोलायची ती मेरन.
आता उलटं आहे.

टाकी तिची. पाणी बारा अंशांवर,
हीटर नाही; जुलैत तर बर्फाच्या बाटल्या सोडायच्या.
एक रविवार आड वॉरबेथच्या किनाऱ्यावरून
दोन बादल्या समुद्र आणायचा.
शिंपल्याचा तुकडा नखाएवढाच द्यायचा,
जास्त दिला तर ओकतात, पाणी नासतं.
हे सगळं तिच्या वहीत आहे, निळ्या शाईत,
झटका येण्याआधीच्या सरळ अक्षरात.

समुद्रफूल ओळखायचं कसं, तेही आहे.
पूर्ण मिटतं का? मिटत नसेल तर पान चार.
अंगाला वाळू-शंख चिकटवून घेतं का?
डिवचलं की कुशीतून पांढरे दोरे सोडतं का?
गळ्याशी निळ्या मण्यांची सर आहे का?
होय असेल तर पुढे, नाही तर मागे,
असं करत करत
शेवटी नाव.

मी तिच्याशी आता असाच बोलतो.
चहा? मान हलते.
साखर? नाही.
खिडकी? नाही. शाल? नाही.
इंगाचा फोन आला का, ते विचारतेस? नाही.
कधीकधी वही संपते आणि नाव सापडत नाही.
मग आम्ही दोघं टाकीपाशी बसतो.

तिथे एक आहे लालभडक, मुठीएवढं,
अंगभर हिरवट ठिपके.
ऑक्टोबरात ओहोटीला मी दगडासकट उचललं,
चिठ्ठी लिहून काचेला लावली: स्ट्रॉबेरी.
मेरननं मान हलवली. नाही.
मला वाटलं, चिठ्ठी आड येतेय. खाली लावली.
नाही.
मला वाटलं, दिवा डोळ्यांवर येतोय. कमी केला.
नाही.
पाच महिने मी तिच्या एकाच नकाराला
निरनिराळी उत्तरं देत होतो.

मार्चमधल्या एका गुरुवारी वारा पडला होता.
खुर्चीतून ती डाव्या हातातल्या चमच्यानं काच वाजवत होती.
लालभडक फुगलं होतं, तोंड किंचित उघडं,
आणि सोमवारी ज्यानं शिंपला गिळला
त्याच तोंडातून एक पिल्लू बाहेर आलं.
मसुरीच्या दाण्याएवढं, लाल,
बारीक बारीक हातांसकट सगळं जिथल्या तिथे.
खाली घरंगळलं, उलटं पडलं,
बऱ्याच वेळानं बूड काचेला लावून सरळ झालं.

वही काढली. पान अकरा.
स्ट्रॉबेरी पिल्लं पोटात वाढवत नाही,
आणि इतक्या उत्तरेला सहसा येतही नाही.
मण्यांचं समुद्रफूल वाढवतं.
त्याला नर लागतोच असं नाही.
पोटात ठेवतं, मनाला येईल तेव्हा सोडतं.
मी गुडघ्यांवर बसलो, बाहूंच्या खाली, गळ्याशी बघितलं:
निळे मणी, ओळीनं,
ज्यांच्याबद्दल मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मण्यांचं?"
मान हलली. होय.
आणि चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्यानं ती हसली,
लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मी किटली जाळली तेव्हा
हसली होती तशी.

संध्याकाळपर्यंत मोजली. सात.
नाही.
या वेळी दिव्याला हात लावला नाही,
टॉर्च आणला.
आठवं पंपाच्या स्पंजाला धरून होतं.

दोन पिल्लं जॅमच्या बरणीत घालून
शाळेतल्या फ्लेट बाईंना द्यायची आहेत.
कोणती दोन, ते मेरन सांगेल.
काचेवर एकेकापाशी बोट नेत जाईन:
हे? हे? की हे?
घाई नाही.
दुपारची फेरी अजून यायची आहे.