कोपराची उंची

अंबडला प्लॉट मिळाला तेव्हा सत्याऐंशी साल.
बाबा उघड्या शेडमध्ये उभे राहिले, हात कोपरात वाकवला
आणि रघुवीर मिस्त्रीला म्हणाले, इथपर्यंत.
सगळी टेबलं मग इथपर्यंतच वेल्ड झाली.
बाबा पाच फूट दहा इंच.
माझंही कोपर नेमकं तिथंच येतं,
म्हणून मला ती उंची
कधी उंची वाटलीच नाही.

जिजा भोये पेठ तालुक्यातली.
आधी दिंडोरीकडं द्राक्षांच्या छाटणीला जायची.
दोन दिवसांची मजुरी बुडाली, तेव्हा बागेतला एक क्रेट
उचलून आणलेला तिनं. निळा, एका बाजूला चिरलेला.
आमच्याकडं लागली त्या सकाळी
तिसऱ्या टेबलापुढं तो पालथा घातला,
वर चढली, आणि वायरिंगचे जुडगे बांधू लागली.
आठ तास. मधे जेवणाची सुट्टी.
तीन वर्षं.

मी तिला बक्षीस दिलंय त्याबद्दल.
सव्वीस जानेवारीला, झेंड्याखाली, कल्पकतेसाठी.
तीन पुडांचा स्टीलचा डबा.
फोटो अजून रिसेप्शनला लावलेला आहे.
फोटोग्राफर तिला म्हणाला होता,
बाई, जरा टाचा उंच करा.

गंगापूर रोडच्या हॉटेलात उद्योजकांपुढं
सर्वसमावेशक कारखाना या विषयावर अठरा मिनिटं बोललो.
अठ्ठेचाळीस कामगार, त्यात एकोणीस बायका,
पडद्यावर रंगीत गोल.
शेवटी क्रेटचा किस्सा.
लोक हसले. कुणीतरी वा म्हणालं.
पनीर बरं होतं.

पुढच्याच सोमवारी पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून
ऑडिटला मेहजबीन काझी आल्या.
हा क्रेट कशाला, त्यांनी विचारलं.
मी किस्सा सुरू करणार,
तोवर जिजाच बोलली, खाली बघत,
काही फोडल्यासारखी:
माझीच उंची कमी पडते, मॅडम.

कमी पडते.
कशाला कमी?
बाबांच्या कोपराला.

त्या रात्री पाळी सुटल्यावर
गुडघे वाकवून मी तिसऱ्या टेबलाशी उभा राहिलो,
तिच्याएवढा होऊन, क्रेटशिवाय.
खांदे कानांना टेकले.
अकरा मिनिटांत दोन जुडगे, एक चुकलेला.
मग कंबर धरून बसलो,
बसायला तो क्रेटच होता.

आता टेबलांना खालून स्क्रू आहे, बाजूला हँडल.
रघुवीर मिस्त्रीच्या नातवानं करून दिलं,
अकरा हजार चारशे एकाला, अशी नऊ.
गायधनी हिशेबाची वही पुढं सरकवून म्हणाले,
यातून सुटणार काय?
म्हटलं, माहीत नाही. थकलेलं व्याज धरा.

रात्रपाळीच्या तौफिकनं पहिल्या दिवशी
हँडल फिरवत फिरवत टेबल वर नेलं.
वर? मी बघतच राहिलो.
सहा फूट दोन इंच पोरगा.
साहेब, म्हणाला, चार वर्षं वाकून करतोय,
पाठीला पट्टा लावून.
बोलला का नाहीस?
तुम्ही फक्त बुटक्यांचंच विचाराल वाटलं.
खरं तर मी बुटक्यांचंही
कुठं विचारलं होतं.

जिजाला म्हटलं, तो क्रेट मला दे,
केबिनमध्ये ठेवतो.
मनात पुढचं भाषण तयार होत होतं, खोटं कशाला बोलू.
ती म्हणाली, नाही जमायचं.
घरी माळ्यावरचं काढायला लागतो.
बगलेत मारून निघालीसुद्धा.
दारात वळली.

साहेब, आमच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही.
एकीला बाहेर उभं राहावं लागतं.
किती दिवस झाले?
दिवस? ती म्हणाली,
आणि कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला तशी चालू लागली.

कपाटात कडी होती. स्क्रूही होते.
पेचकस घेऊन मी दारापर्यंत गेलो,
कडी फळीला लावून धरली,
माझ्या कोपराच्या रेषेत.

मग तशीच हातात घेऊन
गाडीमागं पळालो, विचारायला,
कुठं लावू.