नव्वदचं पाकीट

सकाळी अकराला तो आला,
कागदात गुंडाळलेला जुना ब्रेक शू घेऊन.
डॉक्टरपुढं दुखरा दात दाखवावा
तसा उघडून दाखवला.
अस्तर संपलेलं, धातू उघडा.
"आवाज कधीपासून येतोय?"
"दिवाळीपासून," म्हणाला, आणि हसला.

मी दोन पाकिटं ठेवली काचेवर.
एक तीनशे दहाचं, एक नव्वदचं.
रंग तोच, होलोग्राम दोन्हींवर चमकतो;
फक्त नव्वदच्यावर कंपनीच्या नावात
एक अक्षर जास्तीचं आहे.
"फरक काय?"
"नख लावून बघ."
त्यानं लावलं. कड भुगा होऊन आली,
शाळेतल्या खडूसारखी.
"पण बसेल ना?"
"बसेल की. बसायला काय, दोन्ही बसतात."

"राहतोस कुठं?"
"गराड्याला. काम कोंढव्यात."
म्हणजे रोज बोपदेव घाट,
सकाळी उतरायचा, रात्री चढायचा.
"मागं कोण असतं?"
"बायको. तिला उंड्रीला सोडतो."

मी नव्वदचं उचललं, खालच्या खणात टाकलं.
"ते संपलं."
तो काचेकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.
खिशातून दोनशे निघाले, घामेजलेले.
उरलेले एकशे दहा वहीत लिहिले:
प्रल्हाद जगदाळे, गराडे.

नाना पेठेत दुपारी गर्दी वाढते.
खणात अजून सव्वीस पाकिटं आहेत.
मीच आणलीत. सुटतात बरे पैसे.
कोण कुठल्या घाटानं घरी जातो
हे प्रत्येकाला
विचारत नाही मी.