कांदा माझ्याकडे

बारा वाजायला पाच कमी असताना
चोवीस शिलाई यंत्रं एकदम गप्प होतात.
खिडकीबाहेर डॅन्यूब उन्हात पसरलेली,
पलीकडे रोमेनिया, तिथंही कोणी जेवत असेल.

वीस मिनिटं.
त्यातली दोन हात धुण्यात,
एक झ्लातिनाच्या खुर्चीखालून टोपलं ओढण्यात.
हे टोपलं आधी बटणांचं होतं.
अजूनही कधी तळाशी एखादं सापडतं,
जिला सापडेल तिनं कॉफी पाजायची.

टोमॅटो पेन्काचे.
तिच्या परसात ते इतके होतात
की शेजारी तिला पाहून दार लावून घेतात.
मऊ पडलेले, एका अंगाला फुटलेले,
बाजारात कोणी हात लावणार नाही असे.
त्यांनाच खरी चव, ती म्हणते,
आणि स्वतःचे सुजलेले गुडघे चोळते.
काकडी झ्लातिनाची, एक पट्टा सोललेला, एक तसाच.
सासूनं लावलेली सवय.
सासू गेली, पट्टे राहिले.
भाजलेली ढबू मिरचीही तिचीच, रात्रीच करपवून सोललेली.
कांदा माझ्याकडे.
अकरा वर्षं कांदा माझ्याकडे.
डोळ्यांत पाणी दिसलं तरी कोणी काही विचारत नाही,
एवढी एक सोय.

चीज त्सोन्का आणायची.
मेंढीचं, पांढरंशुभ्र,
जुन्या बरणीत खाऱ्या पाण्यात बुडालेलं.
किसणी धरून असं बर्फ पाडायची
की खालचं लाल-हिरवं झाकून जायचं.
"लाल दिसलं तर समजा पगार कापला," म्हणायची.
एप्रिलमध्ये ती बोलोन्याला गेली
कुठल्याशा म्हाताऱ्याला भरवायला, कुशीवर वळवायला.
तिथल्या एका महिन्यात इथले चार मावतात.

मग आम्ही तसंच खाल्लं.
तेल, थोडं व्हिनेगर, आणि मीठ.
चीज नसताना मीठ किती घालायचं
हे कोणालाच आठवेना.
सोमवारी अळणी, मंगळवारी खारट.
पण "उद्या मी आणते" असं
कोणाच्या तोंडून निघालं नाही.

आज ती नवी पोरगी,
त्सोन्काच्या यंत्रावर बसणारी इवेलिना,
एकोणीस वर्षांची, बाह्या उलट्या जोडणारी,
पिशवीतून पुडी काढून म्हणाली,
"मी चीज आणलंय."

उघडलं तर पिवळं.

पेन्कानं काटा खाली ठेवला.
"पिवळं पावावर वितळवतात, बाई.
कोशिंबिरीवर पिवळं म्हणजे
नवरीच्या झग्याला खाकी दोरा."
पोरीचे कान टोमॅटोला लाजवतील असे.
पुडी पुन्हा बांधायला लागली.
अकरा मिनिटं उरली होती.
मी किसणी उचलली.

त्याचा बर्फ झाला नाही.
लांब, वळलेले तुकडे पडले,
आमच्या पायांशी दिवसभर पडतात तसे दोरे.
झ्लातिनानं टाके उसवायच्या कात्रीनं
वरून पार्स्ली कातरली.
पेन्कानं चाखलं. पुन्हा घेतलं.
"बरोबर नाही हे," भरल्या तोंडानं म्हणाली
आणि तिसऱ्यांदा घेतलं.

फोटो त्सोन्काला पाठवला.
लगेच उत्तर: "हे पिवळं काय घातलंय?"
मग: "इथलं पांढरं असतं,
पण त्याला स्वतःचं असं काही मत नाही."
मग बराच वेळ ती लिहीत असल्याची खूण
येत राहिली, जात राहिली.
आलं काहीच नाही.

"उद्या काय आणू?" इवेलिनानं विचारलं.
"पांढरं," पेन्का म्हणाली. "खारं.
मेंढीचं मिळालं तर. नाही मिळालं तर
बघू."

तळाशी साचलेलं तांबूस पाणी
पावानं कोणी टिपायचं यावर रोज भांडण होतं.
आज टोपलं तिच्याकडे सरकवलं.

घंटा. चोवीस यंत्रं.
साबण लावला तरी बोटांना कांद्याचा वास आहे.
तो आता या पांढऱ्या झग्याच्या टाक्याटाक्यात जाणार.
गिऱ्हाईक म्युनिकमध्ये आहे.
तिला काही कळायचं नाही.